'पाठमोरी' कुणी काढली?

हौसाबाई कातवरेंनी नवऱ्याला मारलं, याबद्दल कधी कुणाला शंकाच नव्हती. त्यांनी स्वतःच तसं सांगितलं होतं. २०३७ सालच्या एप्रिलात, भर दुपारी चारला त्या पायात चपला घालून कोल्हापुरातल्या जवळच्या चौकीवर गेल्या आणि हवालदाराला म्हणाल्या, "आमच्या मालकांना म्या ताकातनं गोळ्या दिल्या. चला, बघून घ्या." चित्रकार श्रीपतराव कातवरे आपल्या कामाच्या खोलीत, चित्रासमोरच्या खुर्चीतच गेले होते. हृदयाच्या गोळ्यांची चार पाकिटं कुटून ताकात घातलेली होती. समोरचं चित्र सुकलं होतं, पण पुरं झालं नव्हतं.

खुनी कोण हे असं पहिल्याच दिवशी कळल्यावर पोलिसांनी खरं तर निवांत व्हायला हवं होतं. पण का मारलं, हे बाई काही केल्या सांगेनात. "त्ये आमच्या दोघांतलं हाय," एवढंच म्हणायच्या. सत्तेचाळीस वर्षांचा संसार, मूलबाळ नाही, भांडण कुणी ऐकलेलं नाही. निरीक्षक रणवरे शेवटी पुण्याला माझ्याकडे आले.

"मॅडम, खुनी आहे, कबुली आहे, ताकाचा पेलासुद्धा आहे," ते म्हणाले. "कारण तेवढं नाही. उद्या वकील म्हणेल, म्हातारीचं डोकं फिरलं होतं. तुमचं ते थुंकीयंत्र काही सांगतं का बघा."

थुंकीयंत्र! मी त्याला 'स्पर्शिका' असं चांगलं नाव दिलं होतं. वर्तमानपत्रांनी त्याचं थुंकीयंत्र केलं आणि तेच चिकटलं. आता मीही तेच म्हणते. जे घडलं त्यानंतर चांगल्या नावाचा आग्रह धरायला मला तोंड उरलेलं नाही.

ते काय करतं ते सांगते. जलरंगात काम करणारे बहुतेक चित्रकार कुंचला ओठांत धरून त्याला टोक काढतात. शाळेत शिक्षक कितीही ओरडले तरी ही सवय जात नाही. त्या टोकाबरोबर लाळेचा अंश रंगात मिसळतो. जलरंगात डिंक असतो. डिंक सुकला की लाळेतली प्रथिनं त्यात अडकून बसतात आणि शंभर वर्षं तशीच राहतात. माझं यंत्र चित्रावर लेझरचा इतका बारीक ठिपका टाकतं की त्यातून उडालेला कण डोळ्यांना दिसत नाही आणि चित्राला इजाही होत नाही. त्या कणातल्या रेणूंचं वजन करायचं. लाळेतल्या चिकट प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या असतात आणि त्यांची रचना माणसागणिक वेगळी असते. म्हणजे प्रत्येक फटकाऱ्याला मालक मिळतो. शिवाय तो माणूस तेव्हा कोणतं औषध घेत होता, तंबाखू खात होता का, हेही कळतं. यंत्र निघाल्यापासून दोन वर्षांत आम्ही दीडशे नकली चित्रं पकडली होती. आमच्या अहवालावर न्यायालयं माना डोलवत होती आणि मी हवेत होते.

रणवऱ्यांनी श्रीपतरावांची तीस चित्रं आणून दिली. त्यात ते शेवटचं अपुरं चित्रही होतं आणि 'पाठमोरी'ही होती. 'पाठमोरी' तुम्ही पाहिली असेल, निदान तिचा छापील फोटो तरी. खिडकीशी बसलेली बाई, न्हाऊन केस पुढे घेतलेले, उघडी पाठ आणि त्या पाठीवर पडलेला सकाळचा उजेड. देशातल्या सगळ्यात महाग जलरंगचित्रांत ती मोजली जाई.

निकाल आला तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. २००५ पर्यंतच्या चित्रांत श्रीपतरावांची लाळ होती. २००५ नंतरच्या एकाही चित्रात ती नव्हती. होती ती फक्त एका माणसाची, आणि त्या लाळेत मशेरीची खूण होती. श्रीपतरावांनी जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. मशेरी लावायच्या हौसाबाई. नमुना घेऊन ताडून पाहिला. तंतोतंत जुळला.

आणि श्रीपतरावांची सगळी गाजलेली चित्रं २००५ नंतरची!

मी अहवालात लिहिलं, 'सन २००५ नंतरची चित्रे रंगवणारी व्यक्ती एकच असून ती श्रीमती हौसाबाई कातवरे होत.' यंत्राने मला फक्त तोंड कुणाचं ते सांगितलं होतं. हात कुणाचा हे मी माझ्या मनाने लिहिलं. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी लिमयांच्या घरात वाढले. आमच्याकडे एकाने ओठ लावलेल्या भांड्याला दुसरा शिवत नसे, आईच्या ताटातला घाससुद्धा कुणी उचलत नसे. दुसऱ्याच्या तोंडातून निघालेला कुंचला कुणी आपल्या हातात घेईल, हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं. जिचं तोंड तिचाच हात, यात तपासायचं काय?

अपुऱ्या चित्रातले शेवटचे अकरा फटकारे तेवढे वेगळे निघाले. त्यात कुणाचीच लाळ नव्हती. सेल्युलोजचा एक चिकट पदार्थ होता आणि किंचित गोडसर काहीतरी. चित्रं दुरुस्त करणारे लोक असली खळ वापरतात. नेताआणताना कागद फाटला असेल आणि कुणी चिकटवला असेल, असं समजून मी ते तळटीपेत टाकलं.

खटल्यात कारण मिळालं आणि कारणाबरोबर गोष्टही मिळाली. बत्तीस वर्षं बायकोने चित्रं काढली, नवऱ्याने त्यावर सही केली, जगभर सत्कार घेतले. एके दिवशी तिचा संयम सुटला. लोकांना ही गोष्ट इतकी आवडली की हौसाबाई साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहून "मला चित्र येत न्हाई, सायेब" म्हणाल्या, तेव्हा बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं. बघा, अजून त्याची पाठराखण करते आहे! त्यांनी आणखी एक प्रश्न केला होता. "त्यात पाठ माझी हाय. माझी पाठ मला कशी दिसंल?" न्यायालयात हशा पिकला. दुसऱ्या दिवशी एका कलासमीक्षकाने भला मोठा लेख लिहिला. दोन आरसे समोरासमोर ठेवून एका उपेक्षित स्त्रीने स्वतःला कसं शोधलं, वगैरे. तो लेख आता पाठ्यपुस्तकात आहे. चित्र काढून दाखवा, असं मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही. मुद्दाम वाईट काढता येतंच, त्यामुळे तो पुरावा होत नाही, असं दोन्ही वकिलांचं एकमत झालं.

जन्मठेप झाली. पण सहा वर्षांत वारं फिरलं. सह्यांच्या मोहिमा झाल्या, मोर्चे निघाले आणि २०४३च्या सुरुवातीला हौसाबाईंच्या माफीचा अर्ज समितीपुढे आला. समितीने एकदा शिफारस केली की मग सुटका झालीच म्हणून समजा. शिफारस एकाच गोष्टीवर अडली होती. ही बाई म्हणजे अन्याय झालेली कलावंत, हे समितीला कागदावर पक्कं हवं होतं. माझा अहवाल होताच. "जोडीला त्यांच्या हातचं एखादं छोटंसं चित्र मिळालं तर सोन्याहून पिवळं," समितीच्या अध्यक्षा, निवृत्त न्यायमूर्ती देवस्थळी मला फोनवर म्हणाल्या. "त्या कुणाचंच ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. तुम्हीच तर त्यांना न्याय दिलात."

मी कागद, रंगांची पेटी आणि तीन चांगले कुंचले घेऊन तुरुंगात गेले.

हौसाबाई शिवणाच्या खोलीत गोधडीला टाके घालत बसल्या होत्या. एकाहत्तर वर्षांच्या, काटक, ठसठशीत कुंकू लावलेल्या. नवऱ्याला मारून कुंकू लावतात म्हणून सुरुवातीला बायका नाकं मुरडायच्या म्हणे. आता सगळ्या त्यांना चित्रकार आज्जी म्हणत होत्या.

"बसा की, डाक्टरीणबाई," त्या म्हणाल्या. "लांबनं आलासा."

मी सगळं समजावलं. अक्का, एवढं एक चित्र. झाड काढा, घर काढा, काहीही काढा. महिन्याभरात तुम्ही गडहिंग्लजला भावाकडे असाल. त्यांनी ऐकून घेतलं. भाऊ थकला होता, अंथरुणावर होता, त्याला एकदा डोळ्यांनी बघायचं एवढंच त्यांना राहिलं होतं. हे त्या स्वतःहून बोलल्या.

मी पाण्याची वाटी भरली, पेटी उघडली, कुंचला त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो पाण्यात बुडवला, झटकला, ओठांत धरला. डोळे मिटून, जिभेवर एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवला. बाहेर काढला तेव्हा त्याला सुईसारखं टोक आलं होतं. मी आयुष्यभर चित्रकारांमध्ये वावरले, पण इतकं नेमकं टोक कुणाला काढताना पाहिलं नव्हतं. मी कागद पुढे सरकवला.

त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. कुंचला चिमटीत धरून, दांडा पुढे करून, त्यांनी तो आपल्या उजव्या हाताला, जरा वर, रिकाम्या हवेत धरला. जणू तिथे कुणी बसलं होतं आणि ते आता घेणार होतं. हात तसाच राहिला. मग त्यांच्याच ते लक्षात आलं आणि त्यांनी कुंचला माझ्या पुढ्यात ठेवून दिला.

मी तो उचलून त्याचं टोक पाहिलं.

"तुम्ही त्यांना टोक काढून द्यायचात," मी म्हटलं.

"कोर्टात न्हाई बोललो. शपथ हुती त्येंची." त्यांनी पदराने ओठ पुसले. "आता त्येंची चित्रंच त्येंची राहिली न्हाईत, तवा सांगतो. त्येंच्या घशात गाठ झालती. मिरजेला जाऊन लाईट घेतली, गुपचूप. लोकास्नी सांगिटलं, हंपीला चित्रं काढाय गेलतो. गाठ गेली, पण तोंडातली थुकी बी गेली. भाकरीचा घास पाण्याबिगर उतरंना. कुंचल्याला टोक कसं काढणार?"

"नुसत्या पाण्याने येतं की."

"येतं, पर हुबं ऱ्हात न्हाई. पयल्यांदा त्ये रडलं, बाई. चाळीस वर्साचा बाप्या, कुंचला घिऊन रडत बसला. मग मी म्हटलं, आणा हिकडं. मी काढून दिलो. त्येंनी फटकारा वढला. ब्येस वढला. मग बत्तीस वरसं तेच. त्येंच्या उजव्या अंगाला बसायचं, एक द्यायचा, एक घ्यायचा. जेवायचं राहिलं तरी चालंल, पर कुंचला द्यायचा राह्यचा न्हाई. मशेरी बी मी दुपारनंतर लावायची, रंगाला वास नको म्हणून."

लाळेच्या ग्रंथी किरणांनी जळून जातात हे मला माहीत होतं. हे मला आठवायला हवं होतं. लाळेचे नमुने गोळा करताना, घशाला किरणं दिलेली शेकडो माणसं बाटलीतलं पाणी चोखत हिंडताना मी पाहिली आहेत. पण त्यांचा आणि 'पाठमोरी'चा संबंध मला लावता आला नाही, कारण मला गोष्ट आधीच मिळाली होती.

"मग मारलंत का?" मी विचारलं.

त्यांनी गोधडी पुन्हा मांडीवर ओढली.

"पाडव्यानंतर कुणीतरी त्येंना एक बाटली आणून दिली. फवारा. तोंडात मारायची. थुकीगत चिकट. त्ये म्हणाले, हौसा, आता तू बसू नगंस, ह्यानं भागतंय. मी म्हटलं, बरं. तरी बसलो. सवय. दोन-चार दिस गेले. मग एका दुपारी त्ये फवारा मारून, सवताच्या तोंडानं टोक काढत म्हणाले..." त्यांनी टाका घातला, दोरा ओढला. "म्हणाले, बत्तीस वरसं मशेरीचा वास सोसला, आता सुटलो."

शिवणाच्या यंत्रांचा खडखडाट चालू होता.

"हसत म्हणाले, बाई. वंगाळ बोलायचं म्हणून न्हाई. सहज. मी आत गेलो, ताक घुसळलो."

मी पुण्याला परतले आणि तडक प्रयोगशाळेत गेले. त्या अकरा फटकाऱ्यांचे निकाल पुन्हा काढून पाहिले. सेल्युलोज होतं, आणि त्याबरोबर झायलिटॉल ही साखर आणि पुदिन्याचा अंश. दुरुस्तीच्या खळीत साखर आणि पुदिना कोण घालतं? औषधाच्या दुकानातून कृत्रिम लाळेची बाटली आणली, ठिपका मारून ताडून पाहिला. जुळलं. सगळा खून त्या अकरा फटकाऱ्यांत होता आणि मी तो तळटीपेत टाकला होता. मला माझीच शिसारी आली.

आता काय करायचं, हे सरळ होतं. समितीला लिहायचं की माझा निष्कर्ष चुकीचा आहे. श्रीपतरावांची चित्रं श्रीपतरावांनीच काढली. मग हौसाबाई उपेक्षित कलावंत उरणार नव्हत्या. वासावरून बोललेल्या एका वाक्यासाठी नवऱ्याला विष घालणारी म्हातारी उरणार होती. तिला माफी कोण देईल? भावाला त्या पुन्हा बघणार नव्हत्या. आणि दुसरं, जे मी त्या आठवड्यात स्वतःशीही नीट बोलले नाही. आमच्या अहवालांवर त्रेचाळीस खटले उभे होते. एक निष्कर्ष कोसळला की रांगेने सगळे कोसळणार होते, आणि त्यांच्याखाली मी.

मी हौसाबाईंना निरोप पाठवला की चित्राचं राहू द्या, समितीपुढे फक्त गप्प बसा, बाकी मी बघते. उत्तर आलं नाही. मी ते होकारार्थी घेतलं. आपल्याला सोयीचं असलं की मौनसुद्धा किती स्पष्ट ऐकू येतं!

सुनावणी तुरुंगाच्याच सभागृहात झाली. लांबलचक टेबल, पाच सदस्य, मधोमध देवस्थळीबाई. हौसाबाई धुतलेलं पांढरं लुगडं नेसून समोर बसल्या होत्या. अर्ज वाचून झाला. "आपल्याला काही सांगायचं आहे का?" देवस्थळीबाईंनी विचारलं, आणि मी मनातल्या मनात म्हटलं, नाही म्हणा, अक्का.

हौसाबाई उठून उभ्या राहिल्या.

"सायेब, खून म्या केला. त्याची शिक्षा भोगतोय, तक्रार न्हाई. भाऊ आजारी हाय, सोडलासा तर उपकार हुतील. पर चित्रं म्या काढली न्हाईत. त्येंनी काढली. मी नुसतं कुंचल्याला टोक काढून द्यायची. खून केला, पर चोरी न्हाई करणार म्या. तेवढं कागदावर घ्या."

देवस्थळीबाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू एक समजूतदार हसू आलं. ते हसू मी विसरणार नाही. त्यात चांगुलपणाच होता. "बाई, इतकी वर्षं तुम्हाला हेच बोलायची सवय लावली गेली," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर लिमये, शास्त्राच्या दृष्टीने आपल्या अहवालात काही बदल?"

हौसाबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेत विनवणी नव्हती. ह्या बाईला खरं काय ते माहीत आहे, तेव्हा ती आता सांगेल, एवढा साधा विश्वास होता. कोणी तिसऱ्याने अशा वेळी काय केलं असतं हे मला माहीत नाही. मी भित्री आहे. भावाचा विचार माझ्या मनात होता, हे खरं. पण जीभ उचलली ती भीतीने.

"बदल नाही," मी म्हटलं. "अहवाल बरोबर आहे."

हौसाबाई खाली बसल्या.

तीन आठवड्यांनी त्या सुटल्या. भाऊ भेटला, नऊ दिवसांनी वारला. मला वाटलं, निदान एवढं तरी माझ्या हातून झालं. मी त्यांना दोनदा फोन केला. त्यांनी घेतला नाही.

मग पावसाळा संपल्यावर मुंबईच्या एका मोठ्या संग्रहालयात कार्यक्रम झाला. 'पाठमोरी'वरची पाटी बदलायचा. हौसाबाईंना गाडी पाठवून आणलं होतं. मलाही पहिल्या रांगेत बसवलं होतं. भाषणं झाली, त्यांच्या खांद्यावर शाल आली. दोघा तरुण मुलींनी त्यांचे पाय धरले आणि एक तर हुंदके देत म्हणाली, "आजी, तुमच्यामुळे मी चित्र काढायला लागले." हौसाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. दुसरं त्या काय करणार होत्या?

पाटी पितळेची होती. कामगाराने स्टुलावर चढून स्क्रू काढले, 'श्रीपतराव कातवरे' लिहिलेली पट्टी उतरवली आणि नवी लावली. सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवत होते. जुनी पट्टी त्याने कागदात गुंडाळून हत्यारांच्या पिशवीत टाकली. मग माणसं चहाकडे वळली, आणि चित्रासमोर हौसाबाई आणि मी अशा दोघीच राहिलो.

त्या बराच वेळ चित्रातल्या पाठीकडे बघत होत्या. आपली पाठ त्यांना तिथेच तेवढी दिसायची. मी क्षमा मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं असावं अशा तऱ्हेने त्यांनी विचारलं,

"माझं मन त्येंनी मोडलंतं, बाई, म्हणून मी त्येंना मारलं. तुमचं काय केलंतं त्येंनी?"